वाचक विचारतात : संस्थेचं व्हिजन लिहायचं म्हणजे नक्की काय करायचं?

संस्थांच्या कारभाराबद्दल प्रश्न पाठवा असं मागच्या अंकात म्हटलं होतं. पत्रं बरीच आली आणि त्यातली कितीतरी व्हिजन स्टेटमेंटवरच, म्हणजे संस्थेला पुढं कुठं जायचंय ते सांगणाऱ्या वाक्यावरच होती, म्हणून यावेळी तेवढाच विषय घेतलाय. नावं कुणाचीच छापलेली नाहीत.

प्रश्न : नमस्कार ताई. तासगाव तालुक्यात आमची शेतकरी उत्पादक कंपनी आहे, सगळे द्राक्षवाले, जास्त करून बेदाणा करणारे. प्रोजेक्ट रिपोर्टला व्हिजन स्टेटमेंट मागितलं म्हणून कन्सल्टंटकडून लिहून घेतलं : "शाश्वत, सर्वसमावेशक व नावीन्यपूर्ण मूल्यसाखळीद्वारे शेतकऱ्यांचे सक्षमीकरण करून जागतिक दर्जाची अग्रगण्य कंपनी म्हणून उदयास येणे." ऑफिसात त्याचा फ्लेक्सपण लावलाय. आता मीटिंगमध्ये निम्मे संचालक म्हणतात कृषी सेवा केंद्र टाकू, रोज गल्ला येईल, आणि निम्मे म्हणतात कोल्ड स्टोरेजच पाहिजे. वाद काय मिटत नाही. अशा वेळी व्हिजनचा काही उपयोग होतो का, का ते नुसतं फायलीपुरतंच असतं? (एक संचालक, तासगाव तालुका)

उत्तर : दादा, उपयोग होतो, आणि असल्याच वादात होतो. पण आधी तुमच्या फ्लेक्सवरच्या वाक्याला विचारून बघा, दुकान का कोल्ड स्टोरेज? ते दोन्हीला हो म्हणतंय. उद्या कुणी पोल्ट्री काढू म्हटलं तर त्यालाही हो म्हणेल. कंपनीचं नाव झाकून तिथं सूतगिरणीचं घाला, दूध संघाचं घाला, वाक्य जसंच्या तसं बसतं. ज्याच्या जोरावर एकाही गोष्टीला नाही म्हणता येत नाही ते वाक्य मीटिंगमध्ये काय कामाचं, भाषा कितीही भारी असू दे. कन्सल्टंटला पण फार दोष देऊ नका, तुमच्या सभासदांच्या बेदाण्याच्या शेडवर काय चालतं हे त्याला कुणी सांगितलंच नसणार.

माझं म्हणणं असं की कुणाचं आयुष्य, त्यात काय बदललेलं दिसेल आणि साधारण कधीपर्यंत, एवढं वाक्यात आलं की बास. कंपनी किती मोठी होणार, तिचा कितवा नंबर लागणार हे त्यात नकोच, कारण कंपनी मोठी होते आणि सभासद होता तिथंच राहतो असं सर्रास होतं, आणि मग तोच सभासद माल दुसऱ्याला घालायला लागतो आणि आपण म्हणतो लोकांना संस्थेबद्दल आपुलकी राहिली नाही.

हे ऑफिसात बसून सापडत नाही. फेब्रुवारी-मार्चला शेड चालू असतात तेव्हा संध्याकाळचं सभासदाच्या शेडवर जावा. डिपिंग करून, म्हणजे लवकर सुकावीत म्हणून द्रावणात बुडवून, द्राक्षं रॅकवर टाकलेली असतात, माणसाचं निम्मं लक्ष आभाळाकडं असतं, कारण अवकाळी आला आणि हवेत ओल धरली की हिरवा माल काळा पडतो आणि दर तिथंच पडतो. चार किलो द्राक्षाचा किलोभर बेदाणा होतो, म्हणजे वर्षभराची छाटणी, औषधं, मजुरी सगळी त्या जाळीवर पसरलेली असते. अशा माणसाला 'तुमचं व्हिजन काय' असं विचारू नका. सात वर्षांनी याच शेडवर आपण परत बसलो तर तुमचं काय बदललेलं असावं, असं विचारा आणि गप बसा, त्याला बोलू द्या.

पहिल्यांदा सगळे म्हणतील दर चांगला पाहिजे. तिथं थांबू नका, दर सगळ्यांनाच पाहिजे असतो. गेल्या साली माल कधी विकला आणि नेमका तेव्हाच का विकला, हे विचारा. मग एकेक बाहेर येतं. मार्च एंडला सोसायटीचं भरायचं होतं, औषधाच्या दुकानदाराची उधारी थकलेली, पोरीचं लग्न काढलेलं, म्हणून सगळ्यांचा माल सौद्याला, म्हणजे लिलावाला येतो त्याच टायमाला ह्यानंही काढला. मग सौद्यात बॉक्स फोडून मालाची उधळण होते ती सोसायची, तूट सोसायची, आणि पेमेंट कधी हातात पडेल ते समोरच्याच्या मनावर. दहा-पंधरा शेडवर बसलात की बघा, बहुतेकांचं दुखणं एकच निघेल : विकायची वेळ त्यांच्या हातात नाही.

तसं निघालं तर तुमचं व्हिजन असं लिहिता येईल : "येत्या सात वर्षांत आमच्या एकाही सभासदाला पैशाच्या नडीपायी बेदाणा विकावा लागणार नाही. माल कधी आणि कुठं विकायचा हे तो स्वतः ठरवेल." हे मी इथं बसून लिहिलंय, तुम्ही तुमच्या लोकांच्या तोंडचे शब्द घाला, पण घडण अशी ठेवा.

आता तुमचा वाद या वाक्यापुढं ठेवा. कोल्ड स्टोरेजनं माल टिकतो हे खरं, पण तासगाव-सांगली भागात भाड्यानं जागा देणारी कोल्ड स्टोरेज आधीच भरपूर आहेत. सभासदाला जागा मिळत नाही म्हणून तो घाईनं विकतो, का माल स्टोरेजला ठेवल्यावर घरात पैसा नसतो म्हणून? दुसरं असेल तर स्वतःचं कोल्ड स्टोरेज बांधून कर्जाचा हप्ता मागं लावून घेण्यापेक्षा आधी मालावर उचल कशी मिळेल ते बघायला पाहिजे. कृषी पणन मंडळाची शेतमाल तारण कर्ज योजना बाजार समित्यांमार्फत १९९०-९१ पासून चालू आहे, गोदामाच्या पावतीवर बँकाही कर्ज देतात, तिथं कंपनीनं सभासदाच्या बरोबर उभं राहायचं, कागद करून द्यायचे. म्हणजे ज्या तिसऱ्या गोष्टीवर तुमच्या मीटिंगमध्ये चर्चाच झाली नाही ती कदाचित पहिली निघेल. आणि दुकानाचं म्हणाल तर ते वाईट नाही. औषधाच्या उधारीपायीच माणूस लवकर माल काढत असेल तर सीझन संपल्यावर बिल घेणारं दुकान व्हिजनला धरून आहे. पण रोज गल्ला येतो एवढंच कारण असेल तर नाही, त्यासाठी बाजारात दुकानं आहेत की.

एवढं लहान, गावातलंच वाक्य लिहिलं तर मोठं काही होईल का, असं तुमच्यातलं कुणीतरी म्हणेलच. मदुराईचं अरविंद आय हॉस्पिटल बघा. डॉ. जी. वेंकटस्वामींनी सरकारी नोकरीतनं रिटायर झाल्यावर १९७६ साली अकरा खाटांवर ते चालू केलं. देशातलं मोठं हॉस्पिटल करायचं असं काही ठरवलं नव्हतं, टाळता येण्यासारखं आंधळेपण संपवायचं हे ठरवलं होतं. मोतीबिंदूनं गेलेली नजर ऑपरेशननं परत येते, पण डोळ्यात बसवायची लेन्स बाहेरच्या देशातनं यायची आणि गरिबाच्या आवाक्यात नसायची. नुसतं चांगलं हॉस्पिटल व्हायचं असतं तर ज्यांना परवडते त्यांना लेन्स बसवून भागलं असतं. यांचं तसं भागत नव्हतं, म्हणून १९९२ मध्ये ऑरोलॅब काढून लेन्स स्वतःच बनवायला घेतल्या. हॉस्पिटलनं लेन्सचा कारखाना काढायचा हे एरवी कुणाला सुचलं असतं?

वाक्य ठरलं की वार्षिक सभेत वाचा, सभासदांना बोलू द्या, शब्द बदलले तर बदलू द्या. आणि दरवर्षी जूनमध्ये एकच आकडा काढा, माल तयार झाल्यापासून महिन्याच्या आत ज्यांना नडीपायी विकावा लागला असे सभासद किती. हा आकडा संचालकांच्या मीटिंगमध्ये नफ्या-तोट्याच्या आधी वाचायचा. प्रोजेक्ट रिपोर्टमधलं जुनं वाक्य राहू दे तिथंच, त्यावरनं भांडण नको. फ्लेक्स मात्र बदला.

प्रश्न : मी सांगलीत एका कॉलेजात शिकवते. कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या नॅकची तयारी चालू आहे. आमचं व्हिजन इंग्रजीत चार ओळींचं आहे, प्रत्येक मजल्यावर बोर्ड आहे, आणि तपासायला येणाऱ्या पीअर टीमनं विचारलं तर सांगता यावं म्हणून सध्या आम्ही मुलांकडून ते पाठ करून घेतोय. मुलं अडखळतात आणि मलाच कसंतरी होतं. बदलू या म्हटलं तर ऑफिसातून सांगतात, संस्थापकांचे शब्द आहेत, हात लावायचा नाही. काय करावं? (एक प्राध्यापिका, सांगली)

उत्तर : मॅडम, पाठांतर आजच बंद करा, मुलांवर तो अन्याय आहे. नॅकच्या निकषांत एक कारभार आणि नेतृत्वाचा असतो, तिथं बघतात ते हे की कॉलेजचा कारभार तुमच्या व्हिजनशी जुळतोय का. निर्णय कसे झाले, कुणाला सामील करून घेतलं, पैसा कशावर खर्च झाला. चार ओळी घडाघडा म्हणणाऱ्या मुलापेक्षा एखादा निर्णय व्हिजनमुळं कसा झाला हे सांगणारा क्लार्क तिथं जास्त उपयोगी पडेल.

संस्थापकांच्या शब्दांना हात लावायची गरजच नाही, ते ब्रीद म्हणून मानानं राहू द्या आणि पुढच्या दहा वर्षांचं व्हिजन वेगळं लिहा. आपल्या शेजारचंच बघा. रयत शिक्षण संस्था १९१९ साली कराडजवळ काल्याला स्थापन झाली, तिचं ब्रीद 'स्वावलंबी शिक्षण' आणि तिचा वटवृक्ष अजून तोच आहे. पण कर्मवीर अण्णा ब्रीदावर थांबले नाहीत. १९२४ ला साताऱ्यात बोर्डिंग काढलं तिथं सगळ्या जातींची पोरं एकत्र राहायची, एकत्र जेवायची, त्या काळात ही साधी गोष्ट नव्हती. पुढं गांधीजींच्या हत्येनंतर त्यांच्या नावानं १०१ हायस्कूलं काढायचा संकल्प अण्णांनी केला. १०१ म्हणजे मोजता येणारी गोष्ट, रस्त्यानं जाणाऱ्या साध्या माणसालाही कळणारी. कसं वागायचं ते ब्रीद सांगतं, ते बदलत नाही. कुठवर जायचं हे मात्र त्या त्या पिढीनं स्वतः ठरवायचं असतं, आणि मला वाटतं संस्थापकांचा मान राखायचा तो असाच राखायचा.

तुमच्या कॉलेजचं काय लिहायचं ते तुम्हालाच ठरवावं लागेल, पण सुरुवात मस्टरपासून करा. पहिल्या वर्षाला किती आले, तिसऱ्या वर्षाला किती उरले, मधले कुठं गेले? कवठेमहांकाळकडनं येणारी मुलगी शेवटचं प्रॅक्टिकल अर्धं सोडून एसटीला पळते का, मधेच लग्न ठरलं म्हणून किती जणी गेल्या, द्राक्षाच्या सीझनला पोरं कामावर जातात का? आणि पूर. २०१९ ला आयर्विन पुलाजवळ धोक्याची पातळी ४५ फूट असताना पाणी ५७ फुटांवर गेलं, २०२१ ला परत पूर आला. घरातली वह्या-पुस्तकं, सर्टिफिकेटं सगळी चिखलात गेली त्यातली किती मुलं परत कॉलेजात आली, हे कुणी बघितलंय का?

मी तुमच्या जागी असते तर असं काहीतरी पुढं ठेवलं असतं : "आमच्याकडे प्रवेश घेतलेला प्रत्येक विद्यार्थी पदवी घेऊनच बाहेर पडेल, तो घरातला पहिला शिकणारा असला तरी आणि ते पुराचं वर्ष असलं तरी." एवढ्यावरनं किती निर्णय निघतात बघा. टाइमटेबल एसटी बघून लावायचं, जुलै-ऑगस्टमधल्या परीक्षांचं आधीच ठरवून ठेवायचं, सर्टिफिकेटांच्या स्कॅन कॉप्या कॉलेजनं सांभाळायच्या, सलग आठवडाभर न आलेल्या मुलाच्या घरी फोन जायचा. शिपाईमामांनाही हे वाक्य एकदा ऐकून लक्षात राहील. आधी मराठीत लिहा मग इंग्रजी करा, उलट केलं की मराठीत ते सरकारी परिपत्रकासारखं होतं.

प्रश्न : सातारा एमआयडीसीत वडिलांचं मशीन शॉप आहे, सीएनसी, व्हीएमसी ही कॉम्प्युटरवर चालणारी मशीनं, सगळं जॉबवर्क. मी इंजिनीअरिंग करून दोन वर्षांपूर्वी धंद्यात आलो. आता एका कस्टमरच्या ऑडिटमध्ये व्हिजन-मिशन विचारलंय. पप्पा म्हणतात, काम चोख, पेमेंट वेळेवर, कुणाचं देणं ठेवायचं नाही, हेच आपलं व्हिजन. मला एक्स्पोर्टचं लिहायचंय. आयएसओला व्हिजन कंपलसरी असतं का? (एक वाचक, सातारा)

उत्तर : नाही. आयएसओ ९००१ या दर्जाच्या सर्टिफिकेटला क्वालिटी पॉलिसी लेखी लागते, व्हिजन स्टेटमेंट लागतंच असं नाही. कस्टमर मागतोय तर द्या, पण ऑडिटसाठी म्हणून लिहू नका, तुमच्या घरातला प्रश्न त्याच्यापेक्षा मोठा आहे.

पप्पा म्हणतात ती धंद्याची तत्त्वं झाली. ती त्यांच्याच शब्दांत लिहून शॉपमध्ये लावा, एक अक्षर बदलू नका, त्यावरच आजवर कस्टमर टिकलेत. पण त्यात पुढं कुठं जायचं ते नाही. तुमच्या एक्स्पोर्टमध्येही ते नाहीच, कारण दुसऱ्याचं ड्रॉइंग घेऊन पार्ट मारायचा तो इथल्या कंपनीला दिला काय आणि जर्मनीला पाठवला काय, रेट ज्याचं ड्रॉइंग तोच ठरवणार.

किर्लोस्करवाडी तुम्ही रेल्वेतनं जाताना बघितली असेल. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये औंध संस्थानातल्या त्या माळावर कारखाना हलवला आणि लोखंडी नांगर, कडबा कापायची यंत्रं असल्या शेतकऱ्याला लागणाऱ्या वस्तू स्वतःच्या नावानं बनवल्या. लाकडी नांगराची सवय असलेल्या शेतकऱ्याला तो नांगर विकायला सुरुवातीला किती जड गेलं हे आपल्या भागात सगळ्यांना माहिती आहे. पण काय बनवायचं ते त्यांनी ठरवलं होतं, गिऱ्हाइकानं नाही.

तुमच्यासाठी असं होऊ शकतं : "दहा वर्षांत आमच्या शॉपमधनं एक तरी प्रॉडक्ट असं जाईल ज्याचं डिझाईन आमचं असेल, आणि ते आज आमच्याकडे असलेली माणसंच बनवत असतील." मग पुढच्या वर्षी हातात पैसा आला की चौथी व्हीएमसी घ्यायची का एक डिझाईनचा माणूस ठेवायचा आणि दोन ऑपरेटरना कोर्सला पाठवायचं, हा प्रश्न खरा होतो. पप्पांचं 'देणं ठेवायचं नाही' तिथं तुम्हाला आवरेल, कर्ज काढून उडी मारू देणार नाही, आणि ते चांगलंच आहे. हे वाक्य कस्टमरला द्यायच्या आधी शॉपमधल्या सगळ्यात जुन्या ऑपरेटर काकांना वाचून दाखवा. 'आज असलेली माणसंच' यावर ते काय म्हणतात ते नीट ऐका, त्यांना ते खरं वाटलं नाही तर अजून लिहून झालेलं नाही.

प्रश्न : आम्ही कोरेगाव तालुक्यातल्या बचत गटाच्या बायका, मसाला आणि चटणी करतो. ग्रामसंघात, म्हणजे गावातल्या बचत गटांच्या संघात, सांगितलं गटाचं व्हिजन लिहून आणा. आमच्यातल्या चौघींना लिहिता येत नाही. किती ओळींचं पाहिजे आणि लहान गटाला ते लागतं का?

उत्तर : लागतं ताई, आणि लिहिता येत नसलं म्हणून काही अडत नाही. म्हसवडची माणदेशी महिला बँक १९९७ ला उभी राहिली, तिचा पहिला अर्ज नाकारला होता कारण त्यातल्या कितीतरी बायकांना लिहिता-वाचता येत नव्हतं, अंगठे होते. त्या शिकल्या आणि परत गेल्या. पण बायकांची बँक पाहिजे हे त्यांचं सही यायच्या आधीच ठरलेलं होतं.

गटाच्या मीटिंगला सगळ्याजणी आल्या की एकेकीला विचारा, पाच वर्षांनी या गटामुळं तुझ्या घरात काय असावं. कुणी म्हणेल पोरीची फी मी भरावी, कुणी म्हणेल सासरी पैसे मागायला लागू नयेत, कुणी म्हणेल चटणी कांडायचा डंख माझा स्वतःचा असावा, भाड्यानं कांडायला न्यायला नको. सगळ्यांचं ऐकून झालं की जे चार-पाचजणींच्या बोलण्यात परत परत आलं तेवढंच घ्या आणि एका वाक्यात बसवा, दोन झाली तरी चालतील. ज्यांना लिहिता येत नाही त्या चौघींना ते न बघता सांगता आलं पाहिजे, नाही आलं तर वाक्य लांब झालंय असं समजा आणि कमी करा. दरवर्षी संक्रांतीच्या हळदीकुंकवाला सगळ्या जमताच, तेव्हा परत बोलून घ्या, काही बदलायचं असलं तर तेव्हा बदला, मधेच कुणी पाहुणा येऊन सांगतोय म्हणून बदलू नका. ग्रामसंघाच्या रजिस्टरला ते तुमच्याच शब्दांत लिहायला सांगा आणि लिहून झाल्यावर वाचून घ्या.